न दिसणाऱ्या उजेडाची पत्रं

मागच्या अंकात रिमोटच्या दुरुस्तीबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले: "इन्फ्रारेड सेन्सर बघत नाही, तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो." त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच द्यावा लागतोय. एका वाचकाने तर "बघत नाही म्हणजे काय, माझ्या घरातला बघतो" असं ठणकावून लिहिलंय. त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

प्रश्न: ताई, आमच्या बाथरूममधला दिवा माणूस आत आला की आपोआप लागतो. पण मी जरा स्वस्थ बसलो की दोन मिनिटांत बंद. मग अंधारात हात हलवत बसायचं. मी आत आलो हे त्याला कळतं, तर मी अजून आतच आहे हे का कळत नाही?

उत्तर: तुम्ही आत आलात हेही त्याला कळलेलं नसतं. त्याला एवढंच कळतं की समोरच्या उष्णतेत आत्ता काहीतरी बदललं.

जरा आत शिरून बघू. ज्या वस्तूला काही तापमान आहे, ती वस्तू इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. भिंत टाकते, नळ टाकतो, तुम्हीही टाकता. आपली त्वचा साधारण ३३ अंश सेल्सिअसला असते आणि त्या तापमानाला सर्वांत जोरदार किरणांच्या लहरीची लांबी साडेनऊ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. आपल्या डोळ्याची धाव पाऊण मायक्रॉनच्या आतच संपते, म्हणून आपण एकमेकांना अंधारात चमकताना दिसत नाही.

छतावरच्या त्या सेन्सरची दुधी टोपी काढलीत (आधी मेन स्विच बंद करा), तर आत शर्टाच्या बटणाएवढा पत्र्याचा डबा दिसेल. त्याला एक काळपट खिडकी असते. खिडकीतून साधारण ५ ते १४ मायक्रॉनचे किरण आत जातात, दिसणारा उजेड बाहेरच राहतो. खिडकीमागे एका खास पदार्थाच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. हा पदार्थ पायरोइलेक्ट्रिक म्हणतात त्या जातीचा, उदाहरणार्थ लिथियम टँटॅलेट. त्याचं तापमान बदललं की पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. मात्र फक्त *बदललं की*. तापमान एका जागी स्थिरावलं की भार निघून जातो आणि स्फटिक पुन्हा शांत. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं, फक्त याचे नऊ दिवस दोन-तीन सेकंदांत उरकतात.

आता पट्ट्या दोन का? त्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. सगळी खोली हळूहळू तापली तर दोन्ही सारख्याच तापतात, बेरीज शून्य होते आणि सेन्सर गप्प बसतो. पण तुम्ही चालत आलात की तुमची ऊब आधी एका पट्टीवर पडते, मग दुसरीवर. आधी अधिक, मग उणे. या हेलकाव्यावर दिवा लागतो.

ती दुधी टोपीही निव्वळ झाकण नाही. तिच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असते, आणि प्रत्येक घर हे एक चपटं भिंग आहे. सगळी मिळून खोलीचे पट्टे पाडतात: इथे दिसतं, इथे नाही, इथे दिसतं. एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलात की तुमची ऊब झपझप चालू-बंद होते. म्हणूनच सेन्सरसमोरून आडवं गेलं तर तो लगेच पकडतो आणि सरळ त्याच्याकडे चालत गेलं तर रेंगाळतो. तुम्ही पुस्तक घेऊन बसलात म्हणजे एकाच पट्ट्यात बसलात. त्याच्या दृष्टीने तुम्ही एक गरम खुर्ची झालात.

उपाय असे. सेन्सरवर बहुधा दोन बारीक स्क्रू असतात. त्यातला वेळेचा फिरवून मुदत वाढवा. दार उघडल्यावर तुमची वाट त्याच्या समोरून आडवी जाईल अशा कोपऱ्यात तो बसवा. त्याने भागलं नाही तर मिलिमीटर लहरींचा रडार सेन्सर लावा. तो श्वासाबरोबर हलणारी छातीसुद्धा पकडतो, त्यामुळे पुस्तक संपेपर्यंत दिवा राहील. आणि एक विनंती, टोपीला रंग देऊ नका. माझ्याकडे एकाने "सेन्सर मेला" म्हणून आणून दिला, त्यावर छताबरोबर पांढऱ्या ऑइलपेंटचा हात फिरला होता. सेन्सर ठणठणीत होता, फक्त आंधळा झाला होता.

कडक उन्हाळ्यात तो मंद का होतो, हेही यातून कळेल. भिंतच ३३ अंशांना पोचली की तुमच्यात आणि तिच्यात फरक उरत नाही.

प्रश्न: काकू, मी सातवीत आहे. रिमोटचं पुढचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर जांभळट उजेड लुकलुकताना दिसला. डोळ्यांना काहीच दिसत नाही. आणि भिंतीकडे रिमोट धरला तरी चॅनेल बदलतं. असं का?

उत्तर: दोन्ही गोष्टी तू स्वतः करून पाहिल्यास, म्हणून तुझं पत्र वर घेतलं.

रिमोटच्या टोकाला जो एलईडी असतो त्याचा उजेड बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन). आपल्या डोळ्यांचा लाल रंग ७०० च्या आसपास संपतो. कॅमेऱ्यातली चिप सिलिकॉनची असते आणि सिलिकॉनला जवळजवळ ११०० पर्यंत दिसतं. फोटोतले रंग बिघडू नयेत म्हणून कॅमेऱ्यासमोर इन्फ्रारेड अडवणारी गाळणी लावतात, पण ती पूर्ण अडवत नाही. मागच्या कॅमेऱ्यातून काही दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघ, तिथली गाळणी बऱ्याचदा कच्ची असते. रिमोट चालेना म्हणून कोणी आला तर मी आधी हीच परीक्षा घेते. लुकलुक दिसली तर दोष टीव्हीकडे. नाही दिसली तर सेल बदलायचे, आणि तरीही नाही, तर बटणांखालचं काळं रबर झिजलंय.

भिंतीचं सोपं आहे. भिंत जसा साधा उजेड परतवते तसाच हाही परतवते.

खरी गंमत पुढे आहे. खिडकीतून ऊन येतं, त्यात इन्फ्रारेड असतं. पिवळ्या बल्बमध्ये तर उजेडापेक्षा तेच जास्त. मग एवढ्या गोंगाटात टीव्हीला तुझा रिमोट कसा ऐकू येतो? रिमोट नुसता उजेड टाकत नाही, तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करतो. टीव्हीतला तीन पायांचा रिसीव्हर फक्त त्याच लयीचा उजेड ऐकतो आणि बाकीचा सोडून देतो. भर वरातीत आपल्या माणसाची शीळ ओळखावी तसं.

त्या उघडझापीचे तुकडे पाडून निरोप जातो. एका फार प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग ३२ खुणा. प्रत्येक खुणेचा उजेड सारखाच. पुढची शांतता छोटी असेल तर शून्य, लांब असेल तर एक. आणि प्रत्येक आकडा दोनदा पाठवतात, एकदा सरळ आणि एकदा उलटा करून. दोन्ही जुळले नाहीत तर टीव्ही तो निरोप सरळ टाकून देतो.

एसीचा रिमोट आणखी वेगळा. "एक अंश वाढव" असं तो म्हणतच नाही. तापमान, पंखा, पाती, सगळी यादी तो दर वेळी नव्याने पाठवतो, कारण समोरून उत्तर येण्याची सोयच नसते. म्हणून कधी रिमोटवर २४ दिसतं आणि एसी मात्र बंदच असतो. निरोप हुकलेला असतो आणि रिमोटला त्याचा पत्ताही नसतो.

प्रश्न: हात धुण्याच्या स्वयंचलित नळाखाली काळे रबरी हातमोजे घातले की पाणी येत नाही. काळ्या बाहीचा हात पुढे केला तर मात्र येतं. काळ्या-काळ्यात फरक का?

उत्तर: कारण "काळा" हा आपल्या डोळ्यांचा शब्द आहे, नळाचा नाही.

या नळात एक एलईडी इन्फ्रारेडचे ठोके सोडतो आणि शेजारचा डोळा विचारतो: किती परत आलं? ठरलेल्या मापापेक्षा जास्त आलं की पाणी. रबरात काजळीसारखा कार्बन मिसळलेला असतो आणि कार्बन इन्फ्रारेडही गिळतो. कापडाचा काळा रंग मात्र बरेचदा डोळ्यांपुरताच काळा असतो. ९०० नॅनोमीटरच्या पुढे त्यातली पुष्कळ कापडं फिकट निघतात. तळवा उघडा ठेवून नळाच्या जवळ न्या, नाहीतर मोज्यावर थोडं पाणी उडवून बघा, ओल्या चकाकीवरून कधी कधी काम होतं. खालचं बेसिनच चकचकीत असेल तर उलट घडतं, नळ कोणी नसतानाही वाहतो.

फोन कानाला लावला की पडदा काळा होतो, तोही हाच प्रश्न विचारणारा सेन्सर.

प्रश्न: आमचा छोटा नृत्यसमूह आहे. नर्तिकेमागून जमिनीवर उजेडाच्या लाटा उमटत जाव्यात अशी कल्पना आहे. ताई, कोणता सेन्सर घ्यावा? एकाने दिवे लावणारा तो साधा मोशन सेन्सर सुचवलाय.

उत्तर: ज्याने सुचवला त्याला मी ओळखत नाही, पण हीच चूक मी केलेली आहे, म्हणून जरा लांबून सांगते.

एका प्रदर्शनासाठी मी लाकडी पक्षी केला होता. माणूस जवळ आला की पक्ष्याने मान वळवून त्याच्याकडे बघायचं, एवढंच. आत तोच मोशन सेन्सर, मानेला एक लहान मोटर. घरच्या टेबलावर सुरेख चालला. दालनात पहिल्याच दिवशी लोक येत, पक्षी वळे, लोक कौतुकाने थबकत आणि ते थबकले की पक्षी मान फिरवून निघून जाई. जो सर्वांत मन लावून बघायचा त्यालाच पाठ. वर दुपारी वातानुकूलन यंत्राचा झोत सुरू झाला की दालन रिकामं असतानाही पक्षी कुणाला तरी शोधत राही.

दोन रात्री मी सेन्सरला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी प्रोग्राममधली एक ओळ उलटी केली. हालचाल दिसली की मान फिरवायची, वीस सेकंद काहीच हललं नाही की हळूच समोर बघायचं. पक्षी लाजाळू झाला. रिकाम्या दालनात तो दाराकडे टक लावून बसे; कोणी आलं की तोंड फिरवी; तो माणूस स्तब्ध उभा राहिला तरच परत वळून बघे. मुलं श्वास रोखून उभी राहायला लागली. त्या सेन्सरला "कोणी आहे का?" विचारता येत नव्हतं, "काही बदललं का?" एवढंच येत होतं, आणि मी पहिल्यांदा त्याच्या प्रश्नाला साजेसं काम दिलं होतं.

तुमच्या नृत्याला मात्र "कुठे?" हा प्रश्न विचारणारं काहीतरी लागेल. मोशन सेन्सर ते कधीच सांगणार नाही.

जमिनीवर चार-पाच ठराविक जागाच जिवंत करायच्या असतील तर त्रिकोण मापून अंतर सांगणारे छोटे इन्फ्रारेड सेन्सर पुरतील. एलईडीचा ठिपका वस्तूवर पडतो आणि परत येताना शेजारच्या पट्टीवर कुठे पडला त्यावरून अंतर कळतं. नेहमी मिळणारा एक प्रकार १० ते ८० सेंटिमीटर मोजतो. त्याची खोड अशी की १० च्या आत आलात की तो पुन्हा लांबचे आकडे सांगू लागतो, म्हणून तो जमिनीच्या कडेपासून वीतभर मागे बसवा.

पूर्ण रंगमंच हवा असेल तर छतावर कॅमेरा आणि शेजारी ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे. इथे दृश्य उजेड का नको, हे नीट समजून घ्या, कारण असल्या सगळ्या कामांची गोम इथेच आहे. तुमचा प्रोजेक्टर जमिनीवर लाटा टाकणार. साधा कॅमेरा नर्तिकेबरोबर त्या लाटाही बघणार, लाटांनाच नर्तिका समजणार आणि लाटांमागे आणखी लाटा उठवणार. दोन मिनिटांत सगळं पिसाळतं. कॅमेऱ्यावर दृश्य उजेड अडवणारी गाळणी लावली की प्रोजेक्टर त्याच्यापुरता नाहीसाच होतो. उरते फक्त इन्फ्रारेडमध्ये उजळलेली नर्तिका. पैसे वाचवायचे असतील तर उजेड लागलेल्या आणि धुतलेल्या जुन्या रंगीत फिल्मच्या काळ्या तुकड्याचीही गाळणी होते. त्याआधी कॅमेऱ्यातली मूळची इन्फ्रारेड गाळणी काढावी लागेल, हे विसरू नका. ८५० चे दिवे अंधारात किंचित लालसर दिसतात. तेही नको असतील तर ९४० चे घ्या, पण त्यात कॅमेऱ्याला कमी दिसतं, मग दिवे वाढवावे लागतात.

याच युक्तीवर बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात रिॲक्टेबल हे वाद्य उभं राहिलं. अर्धपारदर्शक गोल टेबल, खालून इन्फ्रारेड उजेड आणि कॅमेरा, वर ठेवायचे ठोकळे. ठोकळा फिरवला की सूर बदलतो आणि टेबलभर पडणाऱ्या प्रोजेक्टरच्या चित्राचा कॅमेऱ्याला काही त्रास नाही. आइसलँडची गायिका ब्यर्क हिने २००७ च्या दौऱ्यात ते मंचावर वापरलं होतं.

२०१० साली व्हिडिओ गेमसाठी आलेला किनेक्ट हा कॅमेरा कलाकारांनी काही आठवड्यांतच पळवला. तो खोलीभर इन्फ्रारेड ठिपक्यांची न दिसणारी रांगोळी टाकतो आणि कोणता ठिपका किती सरकला यावरून प्रत्येक जागा किती लांब आहे ते काढतो. आता नवा मिळत नाही, पण जुने अजून फिरतात आणि त्याच जातीचे दुसरे कॅमेरे मिळतात. नर्तिकेचे काळेभोर केस त्यात कधी कधी गायब होतात आणि डोक्याजागी भोक दिसतं, हे आधीच सांगून ठेवते.

आता तुमची खरी अडचण. मंचावर हॅलोजनचे दिवे आहेत का? हॅलोजनची बहुतेक ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये जाते. एक स्पॉट फिरला की तुमचा कॅमेरा दिपून जाईल. प्रकाशयोजना करणाऱ्याशी आधी बोला आणि एलईडी दिवे मागा, त्यात इन्फ्रारेड जवळपास नसतंच. उघड्यावर दुपारी प्रयोग असेल तर हा सगळा बेत सोडून द्या; जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतला जवळजवळ अर्धा भाग इन्फ्रारेड असतो, त्याच्यापुढे तुमच्या दिव्यांची काय कथा.

प्रश्न: कपाळासमोर धरायचा तापमापक मेंदूत किरण सोडतो असं ऐकलं. वापरावा का? आणि तसलाच कारखान्यातला तापमापक मी उकळत्या पाण्याच्या स्टीलच्या भांड्यावर धरला तर त्याने चाळिशीतला आकडा दाखवला. बिघडलाय का?

उत्तर: तो काही सोडत नाही, तुमच्या कपाळातून निघालेलं घेतो. आत थर्मोपाइल असतो: दोन वेगळ्या धातूंच्या किंवा अर्धवाहकांच्या जोडांची माळ. जोडांची एक बाजू कपाळाच्या किरणांनी तापते, दुसरी थंड राहते, आणि या फरकाचा बारीकसा व्होल्ट तयार होतो. बंदुकीसारख्या तापमापकात लाल ठिपका असतो, तो फक्त नेम धरायला. मोजण्याशी त्याचा संबंध नाही.

भांड्याचा आकडा मजेदार आहे. चकचकीत धातू स्वतः फार कमी किरण टाकतो आणि समोरच्या वस्तूंचे परतवतो. तुम्ही भांड्याचं नाही, बरंचसं स्वतःचं आणि भिंतीचं तापमान मोजलंत. भांड्यावर साधी कागदी चिकटपट्टी लावा, ती तापू द्या आणि तिच्यावर नेम धरा. आकडा शंभराच्या जवळ येईल. त्वचा मात्र या बाबतीत आदर्श आहे, ती जवळजवळ पूर्ण ताकदीने किरण टाकते. म्हणून कपाळावर जमतं, पण घाम पुसून आणि उन्हातून आल्यावर थोडं थांबून.

प्रश्न: थर्मल कॅमेऱ्याने कपड्यांच्या किंवा भिंतीच्या आतलं दिसतं का?

उत्तर: नाही. त्याला पृष्ठभागाची ऊब दिसते. भिंतीआड ओल असेल तर वरचा गिलावा थंड पडतो आणि तेवढा डाग दिसतो, पाइप दिसत नाही. काचेतून तर अजिबात दिसत नाही. खिडकीसमोर धरला तर त्यात तुमचंच भुतासारखं प्रतिबिंब येईल. म्हणूनच त्याची भिंगं जर्मेनियमची असतात. उलट कचऱ्याच्या पातळ काळ्या पिशवीत हात घाला, डोळ्यांना पिशवी दिसेल आणि कॅमेऱ्याला पाचही बोटं. पहिल्या पत्रातल्या बाथरूमच्या सेन्सरची टोपी पॉलिथिनची का, याचं उत्तर या पिशवीत आहे.

प्रश्न: मी चित्रकलेची विद्यार्थिनी. जुन्या चित्रांखालची रेखाटनं इन्फ्रारेडने दिसतात असं शिकवलं, पण कसं ते कोणी नीट सांगितलं नाही.

उत्तर: हातमोज्याचं उत्तर वाचलंत ना? तेच, फक्त पाचशे वर्षं जुनं.

जुने युरोपीय चित्रकार लाकडी फळीवर खडूचा किंवा जिप्समचा पांढरा थर द्यायचे, त्यावर कोळशाने किंवा कार्बनच्या काळ्या शाईने रेखाटायचे आणि वर रंग चढवायचे. एक-दोन मायक्रॉनच्या इन्फ्रारेडला पुष्कळसे रंग पातळ काचेसारखे होतात. किरण रंग ओलांडून खाली जातात, पांढऱ्या थरावरून परत येतात, पण कार्बनच्या रेषेवर पडलेले गिळले जातात. पडद्यावर उरते ती रेष. नेदरलँड्समधल्या जे. आर. जे. व्हान आस्पेरेन दे बूर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत घडवली, तिला रिफ्लेक्टोग्राफी म्हणतात.

व्हान आयकचं १४३४ चं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र तुम्ही अभ्यासलं असेल. त्यात हाता-पायांच्या जागा त्याने बदललेल्या दिसतात. आणि पुढ्यात उभा असलेला तो प्रसिद्ध कुत्रा? त्याच्याखाली रेखाटनच नाही. तो थेट रंगात आला. पिकासोच्या १९०१ च्या 'निळ्या खोली'खाली तर बो टाय बांधलेला, हातावर डोकं टेकवलेला एक दाढीवाला माणूस सापडला. कॅनव्हास नवा घ्यायला पैसे नसले की जुन्यावरच रंगवायचं, ही त्याची तेव्हाची रीत.

पण इथेही सेन्सर त्याचा एकच प्रश्न विचारतो: कार्बन आहे का? चित्रकाराने लाल खडूने रेखाटलं असेल तर रिफ्लेक्टोग्राम कोरा येतो. लोह-मायफळाची जुनी तपकिरी शाईसुद्धा इन्फ्रारेडमध्ये विरून जाते. "खाली काही दिसत नाही" आणि "खाली काही नाही" यांत गल्लत करून बसलेले लेख मी वाचलेत. तुम्ही लिहाल तेव्हा जपा.

याची उलटी बाजूही बघा. हिरवी पानं इन्फ्रारेड जोरात परतवतात, म्हणून इन्फ्रारेड फोटोत झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी येतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले. पुढे हेरगिरीसाठी कोडॅकची एरोक्रोम फिल्म निघाली. हिरव्या रंगाने झाकलेला रणगाडा डोळ्याला झाडीत मिसळतो, पण या फिल्मवर जिवंत पानं लालगुलाबी येतात आणि रंगवलेला पत्रा वेगळा उठतो. रिचर्ड मॉस या आयरिश छायाचित्रकाराने तीच फिल्म घेऊन पूर्व काँगोतलं युद्ध टिपलं, टेकड्याच्या टेकड्या गुलाबी. २०१३ साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात ते काम लागलं. लपलेल्यांना शोधायची फिल्म, आणि त्याने ती जगाच्या नजरेआड राहिलेल्या युद्धावर रोखली. मला ते गुलाबी डोंगर सुंदर वाटतात आणि सुंदर वाटतात याचाच त्रास होतो.

प्रश्न: काकू, पुन्हा मीच, सातवीतला. हे न दिसणारे किरण आहेत हे पहिल्यांदा कळलं कोणाला? मला प्रयोग करता येईल का?

उत्तर: विल्यम हर्शेलला, १८०० साली. युरेनस शोधणारा तोच. मूळचा वादक आणि संगीतकार, दुर्बिणींचा नाद नंतर लागला. लोलकातून ऊन पाडून कोणत्या रंगात किती ऊब आहे ते तो तापमापकांनी मोजत होता. तुलनेसाठी एखाददुसरा तापमापक रंगांच्या बाहेर ठेवलेला असे. जांभळ्याकडून लालकडे जाताना पारा चढत गेला आणि लालच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे आणखी चढला.

तुलाही करता येईल. काचेचा लोलक, खोके, आणि सारखे दिसणारे तीन तापमापक. खोक्याच्या कडेला लोलक असा अडकव की रंगांचा पट्टा खोक्याच्या तळाशी सावलीत पडेल. एक तापमापक निळ्यात, एक लालच्या अगदी पलीकडे, एक पट्ट्यापासून पुष्कळ लांब. पाच-सहा मिनिटं थांब, मग आकडे लिही. ऊन सरकतं तसा पट्टाही सरकतो, तेव्हा खोका अधूनमधून हलवावा लागेल. उन्हाकडे लोलकातून बघायचं नाही, हे पाठ कर. आणि सुरू करण्याआधी तिन्ही तापमापकांच्या टोकाचा फुगा मार्करने काळा करून घे. मी पहिल्यांदा विसरले होते. चकचकीत काचेने बरंचसं ऊन परतवून लावलं आणि तिन्ही आकडे तासभर जवळजवळ सारखेच राहिले.